हीट पंपाचा सूर

"बोगो, ही मी उचललेली शेवटची टोपली," असं म्हणून दारिंकाने लाकडांची टोपली स्टोव्हसमोर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लग्नाला पुरेशी वर्षं झाली की बायकोचं कुठलं वाक्य तक्रार आहे आणि कुठलं जाहीर निवेदन, हे नवऱ्याला कळू लागतं. हे निवेदन होतं. मी त्याच आठवड्यात लाकडांऐवजी विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपाची चौकशी सुरू केली.

आता आमच्या दोलेन्स्का भागात लाकडं फोडणं सोडून देणं ही काही साधी गोष्ट नाही. इथे माणसाची पारख त्याच्या घराशेजारच्या लाकडांच्या रचीवरून होते. रच सरळ तर माणूस सरळ. रच ढासळलेली असेल तर त्या घरात मुलगी देताना लोक दोनदा विचार करतात. मी माझी रच देऊन टाकायला काढली, तेव्हा लोक एकेक करून भेटायला येऊ लागले. त्यांचे चेहरे पाहून दारिंका त्यांना काही न विचारता कॉफी द्यायची. पोस्टमनने हळूच माझ्या रक्तदाबाची चौकशी केली. रुडी खाटीक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या मेहुण्याचंही असंच झालं. आता तो बुद्धिबळ खेळतो."

सगळ्यात जास्त लागलं ते माझ्या सासऱ्यांना, लुडविकबाबांना. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. घर जुळं आहे: एक छप्पर, मधे एक भिंत, डावी बाजू आमची, उजवी ब्लात्निक मास्तरांची. लुडविकबाबा आणि मास्तरांचे वडील, दोघांनी मिळून शनिवार-रविवार खपून ते उभं केलं, आणि दोन्ही घरांचा पाया एकाच दिवशी, एकाच मिक्सरमधून ओतला. त्या दिवसाची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की सिमेंटच्या गोण्या मीच वाहिल्या असं मला कधीकधी वाटतं.

हीट पंप बसवायला झोरान आला. झोरान हा असा माणूस की जो तुमच्या घरी असतो तेव्हा फोनवर दुसऱ्या घरी असतो. त्याने बागेत एक फेरी मारली, खिडकीखाली बोट दाखवलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "पंपाचा डबा इथे बाहेर. डब्याखाली रबराचे पाय, पाइपांना मऊ नळी, क्लॅम्पना रबर. नाहीतर कंपन घरात जातं."

"रबर?" लुडविकबाबा म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला की जणू झोरानने घराला चड्डी नेसवायचं सुचवलं होतं. "हे घर इतकी वर्षं रबरावर उभं आहे का? काँक्रीट ओत. सळ्या घाल. सळ्या घराच्या पायात घुसव. मग बघू कोण हलतंय ते."

झोरानने फोन कानापासून दूर केला. वाद घालावा असा विचार त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलेला मी पाहिला. पण रबरं दुसऱ्या गाडीत राहिली होती, ती गाडी दुसऱ्या गावात होती, आणि जेवणाची वेळ झाली होती. "बाबा म्हणतात तसं करू," तो म्हणाला. "मजबूत तर मजबूत."

मी सुशिक्षित माणूस आहे. पाइप भिंतीला नुसत्या लोखंडी क्लॅम्पनी आवळू नयेत, हे मी स्वतः वाचलं होतं. पण ज्या माणसाने माझं घर आणि माझी बायको, दोन्ही घडवली, त्याच्याशी काँक्रीटबद्दल वाद घालायचा नसतो. मी वाळू चाळायला घेतली.

काम असं झालं की बघणाऱ्याने मान डोलवावी. घराच्या पायाला सळ्यांनी बांधलेला चौथरा, चौथऱ्यात पक्के बसवलेले बोल्ट, बोल्टवर तो डबा. डब्यातून निघालेले दोन पाइप एकही वळण न घेता भिंतीकडे गेलेले, हातभर अंतरावर एकेक क्लॅम्प, आणि भिंतीतल्या भोकात पाइपाभोवती ठासून भरलेलं सिमेंट. लुडविकबाबांनी पाइप धरून हलवून पाहिला. पाइपाबरोबर घर हललं असतं तर हललं असतं, पाइप हलला नाही.

मग लिकोफ झाला. काम पुरं झालं की कामकऱ्यांना खाऊ-पिऊ घालायचंच, त्यात कसूर नाही. सॉसेज, दारिंकाने भाजलेला अक्रोडाचा गोड पाव, म्हणजे पोतित्सा, आणि आमची ती आंबटसर लाल वाइन, त्स्विचेक. दारिंकाने बटण दाबलं. आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत राहिलो. काही नाही. झोरान डब्यावर हात ठेवून म्हणाला, "मांजर याहून जास्त घुरघुरतं." लुडविकबाबांनी ग्लास उचलला आणि काँक्रीटबद्दल चार शब्द बोलायला सुरुवात केली. इतक्यात बेल वाजली.

दारात ब्लात्निक मास्तर होते. पायात घरातल्या सपाता. आमच्याकडे माणूस घरातल्या सपातांनी रस्त्यावर येतो तो दोनच वेळा: आग लागल्यावर आणि भूकंपात.

"हुदोक्लिन," मास्तर म्हणाले. त्यांनी मला शाळेत भूगोल शिकवला आणि तेव्हापासून ते मला हजेरी घेतल्यासारखे आडनावानेच हाक मारतात. "हुदोक्लिन, काय लावलंयस हे?"

"हीट पंप, मास्तर."

"ते दिसतंय मला. स्वर कोणता लावलायस?"

मी त्यांच्याबरोबर पलीकडे गेलो. बूट काढले, पाहुण्यांच्या सपाता घातल्या, बैठकीच्या खोलीत उभा राहिलो. आणि ऐकलं. आमच्या बाजूला जे काहीच नव्हतं ते सगळं इकडे होतं. मधली भिंत गात होती. एकच स्वर, अखंड, घूंऽऽ. कपाटातले काचेचे पेले एकमेकांना हलकेच टेकत होते. आम्ही आमचं यंत्र पाइपांना, पाइप भिंतीला, चौथरा पायाला आणि पाया मास्तरांना असा काही पक्का जोडला होता, की सगळा आवाज वाटेत काही न सांडता त्यांच्या घरी पोचत होता.

मास्तरांनी पियानोचं झाकण उघडलं, एक पट्टी दाबली. "ही पांढरी." शेजारची दाबली. "ही काळी. आणि तुझं यंत्र या दोघींच्या मधोमध. सभ्य माणसाचं जिथे काही काम नाही तिथे."

"थोडा आवाज आहे खरा," मी म्हणालो.

"थोडा? दर मंगळवारी इथे माझं मंडळ गातं!"

मंडळ म्हणजे आठ पुरुष. वाद्य नाही, काही नाही, नुसते गळे. मास्तर त्याचे संस्थापक, दिग्दर्शक आणि एकमेव भीती. पोस्टमन वरच्या सुरात, रुडी खाटीक अगदी तळाला. वर्षानुवर्षं हे मंडळ एप्रिलमध्ये नोवो मेस्तो शहरातल्या मेळाव्यात गातं आणि वर्षानुवर्षं एकाच दुखण्याने हरतं: गाणं सुरू होताना ज्या पट्टीत असतं, संपताना तिच्या बरंच खाली असतं. आठही जण एकदिलाने घसरत जात असल्यामुळे त्यांना स्वतःला ते कळत नाही. परीक्षकांना कळतं. गावच्या सांस्कृतिक संस्थेने यंदा मास्तरांना स्वच्छ सांगितलं होतं: या वेळी तिथून राजधानीच्या मेळाव्यासाठी निवड झाली नाही तर मंडळ बंद, आणि आठही जण पंचायतीच्या मोठ्या कोरसमध्ये. त्या कोरसची दिग्दर्शिका सव्वीस वर्षांची होती आणि ती इलेक्ट्रिक कीबोर्ड वापरायची. मास्तर 'कीबोर्ड' हा शब्द लुडविकबाबा 'रबर' म्हणायचे तसा म्हणायचे.

"हे बंद कर," मास्तर म्हणाले. "नाहीतर मी इन्स्पेक्टरला बोलावतो."

बंद कसं करणार? लाकडं देऊन टाकली होती, ऑक्टोबर संपत आला होता. मास्तरांनी इन्स्पेक्टरला बोलावलं.

इन्स्पेक्टर बाई आल्या. बरोबर तीन पायांचं मोजणीयंत्र. त्यांनी ते बागेच्या कडेला उभं केलं, हीट पंप पूर्ण जोरात चालवायला लावला आणि आकडा बघून म्हणाल्या, "चिमण्यांपेक्षा कमी आहे."

"आवाज बागेत नाहीये बाई, भिंतीत आहे!" मास्तर म्हणाले.

"नियमाप्रमाणे मोजणी दोन मालमत्तांच्या हद्दीवर होते. आपली हद्द कुठे?"

"भिंतीच्या मधोमध."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. "म्हणजे यंत्र भिंतीच्या मधोमध ठेवावं लागेल. त्यासाठी भिंत पाडावी लागेल. तो विभाग वेगळा, त्यांची परवानगी आणा."

"आणि भिंत पाडल्यावर?"

"भिंत पाडल्यावर आवाज भिंतीतून येणार नाही. म्हणजे तक्रार निकाली."

मास्तरांनी यावर जे मत व्यक्त केलं, ते त्या दिवशी यंत्राने टिपलेला सर्वांत मोठा आवाज ठरला. बाईंनी तशी नोंद केली आणि त्या गेल्या.

कायद्याने मी निर्दोष ठरलो होतो. पण जुळ्या घरात निर्दोष असण्याचा काही उपयोग नसतो. मास्तर मला रस्त्यात दिसले की आभाळाकडे बघायचे. दारिंकाला बेकरीत मास्तरांच्या बायकोने नमस्कार केला, पण ब्रेडकडे बघून केला. शेवटी मी झोरानला फोन केला.

पुढचा सगळा हिवाळा आम्ही तो आवाज हुसकत होतो. आधी डब्याखाली रबराचे पाय बसवले. मी खिडकीखाली उताणा पडून बोल्ट सोडवत होतो आणि मास्तर आपल्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून निकाल सांगत होते. "खरखर गेली! स्वर तसाच!" मग लोखंडी क्लॅम्प काढून रबराचं अस्तर असलेले लावले. "पेले थांबले! स्वर तसाच!" मग यंत्र आणि पाइप यांच्या मधे मऊ नळ्या टाकल्या. नळी घालायला पाइप कापला, त्यातलं पाणी माझ्या बाहीतून शिरून विजारीतून बाहेर आलं, आणि पलीकडून मास्तर म्हणाले, "हं, आता अगदी शांत!" यंत्र बंद होतं.

कुंपणाशी लोक जमायचे. हिवाळ्यात आमच्याकडे दुसरी करमणूक नसते. एकजण म्हणाला डब्याभोवती अंड्यांचे पुठ्ठे लावा. एकजण म्हणाला अख्खं यंत्र अक्रोडाच्या झाडाला दोराने टांगा, त्याच्या काकाने जनरेटर असाच टांगला होता. झाडाचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही. रुडीने डुकराची चरबी सुचवली. रुडी प्रत्येक गोष्टीवर चरबी सुचवतो आणि बऱ्याचदा बरोबर ठरतो, म्हणून आम्ही थोडी लावून पाहिली. सगळ्या गल्लीतले कुत्रे आले.

मग भिंतीतलं भोक. तिथलं सिमेंट छिन्नीने फोडून काढलं, मोठं नळकांडं बसवलं, पाइप त्याच्या मधून कुठेही भिंतीला न शिवता नेला आणि भोवती मऊ लोकर भरली. आता उरला फक्त चौथरा.

ही गोष्ट लुडविकबाबांना सांगायला कोणी धजेना. अखेर दारिंकाच म्हणाली, "बाबा, चौथरा घरापासून कापावा लागेल."

"कापायचा?" बाबा म्हणाले. "सळ्यांसकट?"

"सळ्यांसकट."

बाबा बाहेर जाऊन चौथऱ्यावर एकदा टाच आपटून आले. मग म्हणाले, "लावा कापायला. पण सळ्या तुटता तुटणार नाहीत, आधीच सांगतो."

झोरानने करवत लावली तेव्हा बाबा टोपी काढून शेजारी उभे होते. करवतीचं पातं दोनदा बदलावं लागलं. प्रत्येक वेळी त्यांची मान थोडी ताठ झाली. शेवटची सळी तुटली, मधे बोटभर फट पडली, आणि भिंतीतला आवाज थांबला.

मास्तर खिडकीत आले. त्यांनी कान भिंतीला लावला, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हुदोक्लिन, काम समाधानकारक आहे." शाळेत मला इतकी वरची श्रेणी कधी मिळाली नव्हती. मी घरात जाऊन ती दारिंकाला सांगितली. तिने विचारलं, "कशात?"

हे झालं मार्चच्या सुरुवातीला. त्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी रुडी आमच्या तळघरात आला. एक सॉसेज आणलं होतं, म्हणजे काम कठीण होतं.

"बोगो," तो म्हणाला, "तो घूं कुठे गेला?"

"गेला. चौथरा कापला ना."

"परत आणता येईल?"

मला वाटलं तो चरबीची चेष्टा करतोय. पण रुडीचा चेहरा उतरला होता. "आम्ही परत घसरतोय रे. पार खड्ड्यात. सगळा हिवाळा आम्ही हललो नव्हतो. मास्तरांना वाटलं त्यांच्या शिकवण्याने. अरे, त्या आवाजाशी भांडण नको म्हणून त्यांनी सगळी गाणीच त्या स्वरात घेतली होती, आणि आम्ही आठजण त्याला धरून उभे होतो. कठड्याला धरतात तसं. तू कठडा काढून टाकलास."

"मास्तरांना सांगितलंत?"

"तूच सांग की."

मी काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी मास्तर स्वतःच आले. या वेळी बूट घालून, टाय लावून. बाहेर एप्रिल लागला होता, जर्दाळू फुलले होते, खिडक्या सताड उघड्या होत्या. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले.

"दारिंका," ते म्हणाले, "तुमच्याकडे थंडी वाजत नाही?"

"नाही हो, मास्तर. छान ऊन आहे."

"मला जरा वाजतेय. हीट पंप लावता का थोडा?"

दारिंकाने माझ्याकडे पाहिलं. मी उठून यंत्र पूर्ण जोरात लावलं. मग आम्ही तिघं पलीकडे गेलो आणि भिंतीला कान लावून उभे राहिलो. काही नाही. काम फारच चांगलं झालं होतं. मास्तरांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्यांच्या कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं मला दिसलं. इतक्या वर्षांत मी त्यांचं बटण चुकलेलं पाहिलं नव्हतं.

"चाळीस वर्षं गातोय आम्ही," ते भिंतीला म्हणाले. "आणि आता त्या मोठ्या कोरसमध्ये काय असणार? कीबोर्ड."

मी नकळत गुणगुणू लागलो. काही सुचलं नाही की मी गुणगुणतो, असं दारिंकाचं म्हणणं आहे. ही सवय त्या हिवाळ्यात लागली असावी, कारण इतके महिने मी पाइपांना कान लावून दुसरं काय ऐकत होतो?

मास्तर गर्रकन वळले. "थांब! नाही, थांबू नकोस. चालू ठेव!" त्यांनी पियानो उघडला. पांढरी दाबली. काळी दाबली. मी दोघींच्या मधोमध होतो.

"हाच," मास्तर म्हणाले. "हुदोक्लिन, दुसरा कुठला स्वर येतो तुला?"

मी प्रयत्न केला. दारिंकाने खिडकी लावून घेतली.

"नको," मास्तर म्हणाले. "हाच पुरे."

मेळाव्याच्या दिवशी मी लग्नातला काळा सूट घालून नोवो मेस्तोच्या सभागृहात रंगमंचाच्या डाव्या पडद्याआड उभा होतो. एका हातात पाण्याचा ग्लास होता. पडद्याच्या पलीकडे हातभर अंतरावर रुडीची पाठ. श्वास कधी घ्यायचा ते मास्तरांनी ठरवून दिलं होतं: पोस्टमन वरच्या सुरात ओरडतो तेव्हा. मास्तरांनी हात उचलला, आणि मी सुरुवात केली.

पहिलं गाणं द्राक्षमळ्याचं. हललं नाही. दुसरं एका सैनिकाचं, त्याला घरी पोचायला बारा कडवी लागतात, आणि प्रत्येक कडव्यागणिक मंडळ पूर्वी एकेक पायरी उतरायचं. सातव्या कडव्याला माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. रुडीच्या मानेवरून घाम ओघळताना दिसत होता, पण पाठ ताठ होती. नवव्याला माझा घसा सुकला आणि स्वर क्षणभर लटपटला. आठही माना किंचित डावीकडे झुकल्या, बुडणारी माणसं किनाऱ्याकडे बघतात तशा. मी डोळे मिटून खिडकीखालच्या त्या डब्याचं स्मरण केलं आणि दम लावला. सैनिक घरी पोचला, आणि निघाला होता त्याच पट्टीत पोचला. तिसरं गाणं झालं तेव्हा लोक उठून टाळ्या वाजवत होते, आणि मी पडद्याला धरून उभा होतो.

निकाल तिथेच जाहीर झाला. परीक्षकांचे प्रमुख, चष्मा कपाळावर चढवलेले एक गंभीर गृहस्थ, माइकपुढे आले. आमच्या मंडळाची राजधानीच्या मेळाव्यासाठी निवड झाली होती. स्वरावरची अशी पकड आपण अनेक वर्षांत ऐकली नाही, असं ते म्हणाले. मास्तर सगळ्यांसमोर रडले आणि रुडीने त्यांना खाटकाच्या ताकदीने मिठी मारली. पडद्याआड मीही थोडा वाकून अभिवादन केलं. कोणी पाहिलं नाही.

"मात्र," प्रमुख पुढे म्हणाले, "सभागृहाच्या व्यवस्थापकांना एक सांगितलं पाहिजे. रंगमंचाच्या डाव्या बाजूला तापवण्याच्या पाइपांमधून सतत एक घरघर येत होती. मधे एकदा तर ती आचके देत होती. इतक्या दर्जाच्या गायकांना असल्या गोंगाटात गावं लागावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे."

व्यवस्थापकांनी ते फार मनाला लावून घेतलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी झोरानला बोलावलं. तिथून परत जाताना तो आमच्याकडे डोकावला.

"डावीकडचे सगळे पाइप तपासले," तो त्स्विचेकचा घोट घेत म्हणाला. "कान लावून बसलो. एक टिपूस आवाज नाही! तरी म्हटलं, धोका नको. प्रत्येक क्लॅम्पला रबर लावून टाकलं. आता तिथे कोणी कितीही ऐकू दे, काही ऐकू येणार नाही."

खात्री आहे माझी, असं मला म्हणायचं होतं. पण माझा घसा त्या आठवड्यात पूर्ण बसला होता, म्हणून मी नुसती मान डोलवली.